वेदना थांबवण्याचा परवाना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तालुक्याच्या गावात माझं बारा खाटांचं नर्सिंग होम आहे. पाटीवर काहीही लिहिलं असलं, तरी लोक त्याला दवाखानाच म्हणतात. १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदलेली अशी छोटी रुग्णालयं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. बाळंतपण, हर्निया, अपेंडिक्स, मोडलेलं हाड, सर्पदंश, सगळं आम्ही पाहतो. पण एक साधी गोष्ट वर्षानुवर्षं आमच्याकडे होत नव्हती. कर्करोगाच्या वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिनची गोळी देणं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

२०११ सालची गोष्ट. जबड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला शहरातल्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असं सांगितलं होतं. सोबत दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या संपल्या आणि त्यांची पत्नी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘डॉक्टर, ती गोळी तेवढी द्या. बाकी काही नको.’’ माझ्याकडे ती नव्हती. मी पुण्याला जायला सांगितलं. एसटीनं चार तास जायला, चार तास यायला. मुलगा पहाटेच्या गाडीनं गेला, रात्री परतला. बाई नंतर म्हणाल्या, ‘‘दिवसभर भिंतीला डोकं लावून बसले होते.’’ माझा दवाखाना त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर होता.

गोळी का नव्हती? मॉर्फिन अफूपासून बनतं. त्यामुळे ते १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आलं. हेतू नशेचा व्यापार रोखण्याचा होता. पण औषध बाळगायला एक परवाना, आणायला दुसरा, परराज्यातून मागवायला आणखी एक, आणि प्रत्येकासाठी निराळं कार्यालय. शिवाय नोंदीत चूक झाली तर तुरुंगाची धास्ती. छोट्या डॉक्टरांनी विचार केला, नकोच ते. गंमत अशी, की अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पीक आपलं, आणि कण्हणारा माणूसही आपलाच.

केरळनं वेगळी वाट धरली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाचं काम सुरू केलं आणि स्वयंसेवकांच्या मदतीनं ते घराघरांत नेलं. २००८ साली तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरणच जाहीर केलं. पुढे २०१४ साली संसदेनं १९८५च्या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि त्यांचे नियम देशभर एकसारखे झाले. आता रुग्णालयाला मान्यता एकाच ठिकाणाहून, राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मिळते. आपल्याकडे म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून. अट एवढीच, की किमान एका डॉक्टरनं वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेलं असावं, औषध सुरक्षित ठेवावं आणि त्याचा चोख हिशेब द्यावा.

म्हणजे दार उघडलं आहे. आत जाणारे मात्र थोडे आहेत. मी स्वतः २०१७पर्यंत अर्ज केला नव्हता. आधी कायदा आडवा आला होता. नंतरची तीन वर्षं माझा आळस.

नातेवाइकांच्या मनात एक भीती असते. ‘सवय लागेल का?’ कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. साधी गोळी सहसा दर चार तासांनी देतात. वेदना उसळण्याची वाट पाहायची नसते. बद्धकोष्ठ होतं, म्हणून जुलाबाचं औषध सोबत द्यावं लागतं. दुसरी भीती, ‘मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट जवळ आला.’ तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच वेदनाशमनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या औषधांनी भागलं नाही, की मॉर्फिन. दुखणं किती आहे, एवढंच त्यात पाहायचं असतं.

पण सावधगिरीही हवी. अमेरिकेत याच जातीच्या गोळ्या जुन्या पाठदुखीसारख्या तक्रारींसाठी सढळ हातानं वाटल्या गेल्या आणि असंख्य माणसं व्यसनात बुडाली. म्हणून कुलूप हवं, वही हवी, प्रत्येक गोळीची नोंद हवी. मात्र कुलपाची किल्ली रुग्णाच्या गावात असावी, दीडशे किलोमीटरवर नव्हे.

आज माझ्या दवाखान्यात ते कपाट आहे. वहीत रोज दोन-तीन ओळी लिहाव्या लागतात, पाच मिनिटं जातात. त्या बाईंच्या घरी मात्र मी पुढे कधी गेलो नाही. काय सांगणार होतो?

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, प्रशिक्षण घ्या आणि अर्ज करा. आणि श्रोतेहो, तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर गावातल्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘तुमच्याकडे मॉर्फिनची मान्यता आहे का?’ नसेल, तर ‘का नाही?’ हेही विचारा. मला हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला असता, तर बरं झालं असतं.