चाकरमानी आणि गावचा दिवा



एके काळी मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर कोकणातील चूल पेटे. १९८२ च्या संपाने तो आधार तुटला, तरी तरुणांची वाट मुंबईचीच राहिली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२. म्हणजे शेत, गुरे आणि म्हातारी माणसे मायबहिणींनीच सांभाळली. पैसा गावी आला, पण नांगर धरणारे हात गेले आणि जमिनी ओस पडल्या.

चाकरमान्यांच्या देणग्यांतून गाभारा नवा झाला. शिमग्यात पालखीला खांदे मिळतात. आषाढात सांजवात कोणी लावायची? देणगीबरोबर गावातच चार हातांना काम मिळावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.