नाशिकची लेणी आणि आमच्या गटाची वही

आम्ही उंब्रजहून बोलतोय.

फेब्रुवारीत आमच्या ग्रामसंघातल्या एकेचाळीस जणी नाशिकला जाऊन आल्या. घरी मात्र प्रत्येकीनं 'त्र्यंबकेश्वरला चाललोय' असंच सांगितलं होतं. देवाचं नाव घेतलं की घरातून लवकर होकार मिळतो. 'अभ्यास सहल' म्हटलं की कसला अभ्यास, कुणाचा अभ्यास, भाकरी कोण करणार, असे दहा प्रश्न येतात. ते खोटंही नव्हतं. रामकुंडावर आंघोळ झाली, पंचवटी झाली, त्र्यंबकला रांगेत तीन तास उभ्या राहून दर्शनही झालं. त्याबद्दल आज बोलत नाही, तुमच्यापैकी पुष्कळ जणी तिथं जाऊन आल्या असतील. आज बोलायचंय ते दुसऱ्या दिवशी बघितलेल्या लेण्यांबद्दल.

नाशिक गावापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून एक डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे डोंगरात कोरलेलं काही दिसलं की ते एका रात्रीत पांडवांनी केलं, असं म्हणायची पद्धतच आहे. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. तिथं चोवीस लेणी आहेत. त्यातली सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. बौद्ध भिक्खू तिथं राहायचे, म्हणजे तो त्यांचा मठच, त्यांच्या भाषेत विहार. नंतरच्या काळातल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्तीही एका लेण्यात आहेत.

पायऱ्या चढताना आमच्या शांताकाकी म्हणाल्या, "अगं, आपल्या आगाशिवाला काय कमी लेणी हायत? त्येच बघायला एवढ्या लांब आलो व्हय?" काकींचं चुकलं नव्हतं. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात साठाहून जास्त लेणी आहेत आणि आमच्यातल्या निम्म्या जणींनी ती अजून बघितलेली नाहीत. पण नाशिकच्या लेण्यांत एक गोष्ट भरपूर आहे, ती म्हणजे भिंतींवरचं लिखाण. आमच्यापैकी एकीनं बी. ए. ला इतिहास घेतला होता. तिनं त्या लेखांचा मराठी अर्थ आधीच वहीत उतरवून आणला होता. लिपी ब्राह्मी, ती आम्हाला कुणालाच येत नाही. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणा. त्या लेखांत या जागेला 'लेण' असाच शब्द आहे. पाण्याच्या टाक्याला 'पोढी'. दोन हजार वर्षं लोटली आणि लेणं हा शब्द अजून आपल्या तोंडात आहे, याचं सगळ्यांना नवल वाटलं.

दहाव्या नंबरच्या लेण्यात मोठा चौक आहे. तिन्ही बाजूंना माणूस जेमतेम मावेल एवढ्या छोट्या खोल्या, आत झोपायला दगडी ओटा. भिक्खू वर्षभर फिरायचे आणि पावसाळ्याचे महिने एका जागी थांबायचे. इथं वीस जणांची सोय होती. हे लेणं कोरून दिलं उषवदातानं. तो नहपान राजाचा जावई. आता जावयानं सासऱ्याच्या राज्यात दानधर्म केला तर त्यात विशेष काय, असं वाटेल. पण पुढचं ऐका.

त्यानं लेणं दिलं आणि सोबत तीन हजार कार्षापण दिले. कार्षापण म्हणजे त्या वेळचं नाणं. हे पैसे त्यानं भिक्खूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धन या जवळच्या गावात कारागिरांच्या श्रेणी होत्या, म्हणजे धंद्यानुसार एकत्र आलेल्या लोकांचे संघ. विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार ठेवले, शेकडा एक व्याजानं. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार ठेवले, शेकडा पाऊण व्याजानं. आणि भिंतीवर स्पष्ट लिहिलं की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. अशा ठेवीला त्यांचा शब्द होता 'अखयनिवि', म्हणजे अक्षय ठेव.

वही वाचणारी थांबली. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आमच्या रंजनावहिनी, ज्या बारा वर्षं गटाचं दप्तर लिहितात, बोटं मोडायला लागल्या. "शेकडा एक म्हणजे दोन हजाराला महिन्याचे वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस माणसांना बारा-बारा म्हणजे... दोनशे चाळीस. जमलं की गं!"

व्याज महिन्याचं होतं, असं लेखात सरळ लिहिलेलं नाही. पण हिशोब महिन्याच्या व्याजानंच बसतो, आणि तोही पैशाला पैसा. मैत्रिणींनो, एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब उंब्रजच्या बाईनं लेण्याच्या ओसरीत उभं राहून तपासला आणि तो बरोबर निघाला. आम्ही तिथंच टाळ्या वाजवल्या. पहारेकऱ्यानं आमच्याकडे बघितलं, म्हणून गप्प बसलो.

आणखी एक गोष्ट. ही सगळी ठेव नगराच्या सभेत वाचून दाखवली आणि फलकावर नोंदवली, असंही तिथं लिहिलंय. म्हणजे ठराव झाला, वाचून कायम झाला, इतिवृत्तात आला. आपल्याला बैठकीचं इतिवृत्त लिहायचा किती कंटाळा येतो, ते आपलं आपल्याला माहीत आहे.

आता बायकांचं. त्याच लेण्यातल्या एका खोलीच्या दारावर लिहिलंय की ही खोली दखमित्रेनं दिली. ती नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको. नवऱ्यानं अख्खं लेणं दिलं तरी तिनं तिची खोली वेगळी दिली, तिच्या नावानं. अठराव्या लेण्यात, म्हणजे तिथल्या चैत्यगृहात, भट्टपालिका नावाच्या बाईनं ते काम पुरं केल्याचा लेख आहे. त्याच्याच दर्शनी भागावर धंभिक नावाच्या एका गावाचं दान नोंदवलंय. तिथं एकट्यादुकट्याचं नाव नाही, साऱ्या गावाचं आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई. मुलगा गेल्यावर, नातवाच्या राज्यात, तिनं ते लेणं दिलं. लेखात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. मुलाचं कौतुक करताना तो प्रजेच्या सुखदुःखात सारखाच सहभागी होता आणि कर न्यायानंच घ्यायचा, हेही सांगते. ओळींमागून ओळी आईनं लेकाबद्दल लिहिलंय. शांताकाकींचे डोळे भरून आले. त्यांचा मुलगा गेला त्याला चार वर्षं झाली.

पण आम्हाला सगळ्यांत थांबवलं ते विष्णुदत्तेनं. दहाव्या लेण्याच्याच अंगणातल्या भिंतीवर तिचा लेख आहे, तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. ती राजाची कुणी नव्हती. अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई, असा तिनं स्वतःचा पत्ता दिलाय. तिनंही अक्षय ठेव ठेवली. एका श्रेणीकडे एक हजार, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार, शिवाय तेल्यांच्या श्रेणीचाही त्यात उल्लेख आहे. सगळं एका जागी ठेवलं नाही. आणि कशासाठी, तर या विहारात राहणारा, कुठूनही आलेला भिक्खू आजारी पडला तर त्याच्या औषधासाठी.

इथं आम्हाला आमचीच एक आठवण झाली. नाव सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या बाईच्या मालकाचं ऑपरेशन अचानक निघालं. गटाकडे पैसे होते, पण सगळे कर्जात फिरत होते. कुणाच्या शेळ्या, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या पोरीची फी. हातात शिल्लक होती चौदाशे रुपये. तिनं खासगी माणसाकडून शेकडा पाच रुपये महिन्यानं पैसे घेतले. म्हैस विकली. मालक वाचले, पण ती बाई बैठकीला यायची बंद झाली. हप्ता थकला म्हणून लाज वाटली असेल. आम्हीही तिच्या दारात दोनदाच गेलो. तिसऱ्यांदा जायला पाहिजे होतं.

लेण्यांवरून उतरलो आणि गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षाच्या दारूचा एक कारखाना बघायला गेलो. आमच्या तीन गटांना बेदाणा पॅकिंगचं काम सुरू करायचंय, म्हणून द्राक्षाचं काय काय होतं ते बघायचं होतं. बेदाणा आपल्या तासगावचा. चार किलो द्राक्षातून एक किलो निघतो, हे आपल्याला माहीत आहे. वाईन पार्क आपल्या पलूसलाही काढला, पण वाईनचं नाव झालं ते नाशिकचंच. तिथली द्राक्षं बारीक, बियांची, सालीला जाड. खायच्या द्राक्षासारखी नव्हेत. लाल रंग रसाचा नसतो, सालीचा असतो, हे तिथं कळलं.

निम्म्या जणी आत आल्याच नाहीत. त्यातल्या काहींनी गावात आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरून सह्या गोळा केल्यात, त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय घेतला तेव्हा केवढा वाद झाला, ते तुम्हाला आठवत असेल. सरकार म्हणालं शेतकऱ्याचा फायदा, बायका म्हणाल्या दारू ती दारूच. आमच्या गाडीतही तेच भांडण झालं, सिन्नर येईपर्यंत. वहीवालीनं त्यात तेल ओतलं. म्हणाली, नहपानाच्या काळातही द्राक्षाची दारू होतीच. भडोच बंदरात इटलीहून जहाजानं यायची, एका ग्रीक भाषेतल्या जुन्या पुस्तकात तिची नोंद आहे. सासऱ्याच्या बंदरात दारू उतरायची आणि जावयानं ज्यांना लेणं दिलं ते भिक्खू मद्य न घेण्याच्या शीलानं बांधलेले. भांडण मिटलं नाही. कारखान्यात गेलेल्या आणि न गेलेल्या, दोन्ही बाजू आपापल्या जागी आहेत आणि एकाच गटात आहेत.

संगमनेरच्या पुढे रंजनावहिनींनी विषय बदलला. म्हणाल्या, "त्या विष्णुदत्तेसारखं आपण का करू नये?" गाडीतच हिशोब मांडला. आमच्या ग्रामसंघात चौदा गट. प्रत्येकानं तीन हजार काढले तर बेचाळीस हजार. ते आजारपणाचं मुद्दल. त्याला हात लावायचा नाही. गटांनाच ते शेकडा एक रुपयानं फिरवायला द्यायचं. एरवी आम्ही शेकडा दोन लावतो. महिन्याला चारशे वीस रुपये येतील, वर्षाला पाच हजार चाळीस.

"पाच हजारात दवाखान्याची एक रात्र निघत न्हाई," मागच्या सीटवरून आवाज आला. खरं आहे. दुसरी म्हणाली की कराडपर्यंत गाडी करायचे पैसे नव्हते म्हणून रात्रभर थांबलेली माणसं तिला माहीत आहेत, तेवढं तरी निघेल. तिसरीनं आणखी अवघड मुद्दा काढला. मुद्दल अक्षय म्हणायचं, पण महागाई वाढते, दहा वर्षांनी बेचाळीस हजाराला काय येणार? त्यावर असं ठरलं की व्याजातला चौथा हिस्सा मुद्दलातच टाकायचा. मग हातात येणारे पैसे आणखी कमी. त्यावर पुन्हा वाद. पुण्याच्या पुढे बऱ्याच जणी झोपल्या.

मार्चच्या ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव मांडला, वाचून दाखवला आणि इतिवृत्तात लिहिला. बारा गटांनी पैसे दिले, छत्तीस हजार जमले. दोन गट अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, आधी नियम लिहा: कुणाला किती, एका घराला वर्षातून किती वेळा, गट सोडलेल्या बाईला द्यायचं की नाही. शेवटचा प्रश्न कुणाबद्दल आहे ते बैठकीत सगळ्यांना कळलं. विष्णुदत्तेच्या लेखात 'कुठूनही आलेला' असं आहे, हे वहीवालीनं वाचून दाखवलं. त्यावर एक जण म्हणाली, ती एकटीची ठेव होती, तिला कुणाला विचारायचं नव्हतं.

नियमांचा कागद तयार होतोय. येत्या मंगळवारी आम्ही त्या दोन गटांच्या बैठकीला जाणार आहोत. त्याआधी सोमवारी संध्याकाळी, म्हैस विकलेल्या आमच्या त्या मैत्रिणीच्या घरी.