मोटारीचा थांबलेला पंखा

मोटारीच्या वेगाचे आणि रुबाबाचे कौतुक सारेच करतात. रेडिएटरमागे दडलेल्या लहानशा पंख्याची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही. ती होते तेव्हा मोटार रस्त्याच्या कडेला उभी असते, बॉनेटखालून वाफ येत असते आणि मालक हाती पाण्याची बाटली घेऊन हताशपणे तिच्याकडे पाहत असतो.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा थोडा भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. सुमारे एक तृतीयांश भाग धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच भाग एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि वाऱ्याने निवते. मोटार धावत असते तोवर वारा आपोआप मिळतो. ती थांबली की वारा थांबतो, एंजिन मात्र पेटलेलेच असते. अशा वेळी वारा निर्माण करणे हेच पंख्याचे काम.

जुन्या अँबॅसडरमध्ये किंवा प्रीमियर पद्मिनीत हा पंखा एंजिनालाच पट्ट्याने जोडलेला असे. एंजिन फिरले की पंखा फिरे. पट्टा तुटला तरच तो थांबे. पुढे लहान मोटारींत जागा वाचवण्यासाठी एंजिन आडवे बसवण्याची पद्धत आली. १९५९ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या मिनी मोटारीत एंजिन आडवे होते; परंतु पंखा पट्ट्यानेच फिरवायचा असल्यामुळे रेडिएटरलाही एका बाजूला चाकाच्या कमानीजवळ सरकावे लागले. पंखा विजेवर फिरू लागला तेव्हा ही अडचण दूर झाली. रेडिएटर पुन्हा समोर आला. भारतात १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मुळे अशी आडव्या एंजिनाची, विजेच्या पंख्याची मोटार मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी त्या पिढीच्या अनेक मोटारी अजून निष्ठेने चाकरी करीत आहेत.

विजेचा पंखा गरजेपुरताच फिरतो, हा त्याचा गुण. पण पट्ट्याच्या जागी आता एक साखळी आलेली असते. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून रिलेकडे येते. पाणी सुमारे ९० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की थर्मोस्विच जुळतो आणि रिलेला इशारा देतो. रिले म्हणजे हुकमाचा ताबेदार कारकून. इशारा अगदी क्षीण प्रवाहाचा, पण त्याच्या बळावर तो मोठा प्रवाह पंख्याकडे सोडतो. पंख्यातून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीकडे परतते. या साखळीतील एक कडी निखळली तरी पंखा थांबतो आणि कडी कोणती, हे बाहेरून दिसत नाही.

एका निवृत्त शिक्षकांच्या लहान मोटारीची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. वीस वर्षे सांभाळलेली ही गाडी दिवाळीच्या सुमारास तापू लागली. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागली आणि काटा तांबड्या रेषेला भिडला. पहिल्या गॅरेजात रेडिएटर बदलला गेला. दुसऱ्यांदा तापल्यावर थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला. तिसऱ्यांदा "हेड उतरवावे लागेल, गॅस्केट गेली," असा निर्णय मिळाला. खर्चाचा आकडा मास्तरांच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. मुलगा म्हणाला, "बाबा, आता ही मोडीतच काढा." मास्तर काही बोलले नाहीत; त्यांची पत्नी याच गाडीतून दर आठवड्याला डायलिसिससाठी जात असे.

शेवटी ते एका वृद्ध वायरमनकडे गेले. त्याने बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न केला, "मास्तर, गाडी चालताना तापते की उभी असताना?"

"उभी असताना. घाटात, सिग्नलला. मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो."

या एका उत्तरात निम्मे निदान होते. वेगात धावतानाही जी मोटार तापते तिच्यात पाण्याचा पंप, चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा गॅस्केट यांच्याकडे पाहावे लागते. धावताना निवते आणि थांबल्यावर तापते, तिच्यात संशयाचा पहिला मान पंख्याचा.

वायरमनने एंजिन थंड असताना प्रथम पाणी पाहिले. पाणी कमी असेल आणि थर्मोस्विचभोवती नुसती हवा अडकली असेल, तर एंजिन तापूनही स्विचला त्याची वार्ता लागत नाही. पाणी पुरेसे होते. मग त्याने फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. त्यानंतर पंख्याची जोडणी सोडवून दोन जाड तारांनी त्याला थेट बॅटरीची वीज दिली. पंखा भर्रकन फिरला. म्हणजे मोटर निर्दोष. तो फिरला नसता, तर आतील कार्बन झिजले आहेत किंवा बुश धरला आहे, असे समजले असते.

पंख्याची जोडणी पुन्हा लावून त्याने चावी फिरवली आणि थर्मोस्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या. याने पंखा फिरला असता तर दोष थर्मोस्विचचा ठरला असता. पण झाले ते निराळेच. रिलेने 'टक्' असा आवाज केला, पंख्याचे पाते किंचित थरथरले आणि जागीच राहिले. हुकूम पोहोचला होता, त्याची अंमलबजावणी होत नव्हती. दोष रिलेच्या पुढच्या वाटेवर होता.

आता मीटर बाहेर आला. पंख्याच्या येणाऱ्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले तेव्हा १२ व्होल्ट भरले. म्हणजे वीज पंख्यापर्यंत पुरी येत होती. पंख्याच्या दोन तारांमध्ये मात्र अवघे ४ व्होल्ट होते. उरलेले ८ व्होल्ट परतीच्या वाटेवर, पंख्याची अर्थची तार आणि बॅटरी यांच्यामध्ये, खर्ची पडत होते. चांगल्या जोडणीत हा आकडा अर्ध्या व्होल्टच्याही आत असावा लागतो.

तारेचा माग काढत वायरमन पुढच्या पत्र्यावरील एका बोल्टपाशी थांबला. त्या मे महिन्यात गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते. रंगाऱ्याने पत्रा रंगवून तारेची कडी रंगावरच कसली होती. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम संबंध राहिला होता. पावसाळ्यात तिथे गंज चढला आणि तोही तुटत आला. पॉलिश पेपरने रंग व गंज घासून, बोल्ट पुन्हा कसून, वर व्हॅसलिनचा हात फिरवण्यास दहा मिनिटे लागली. पंखा फिरू लागला. वायरमनने पात्यापुढे कागदाचा कपटा धरून वारा रेडिएटरमधून एंजिनाकडे येतो की नाही, हेही पाहिले. कारण तारा उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, दिसतो चालू, पण समोरच्या वाऱ्याशी झुंजत राहतो. काढून टाकलेला थर्मोस्टॅट त्याने पुन्हा बसवायला सांगितले. तो नसला की मोकळ्या रस्त्यावर एंजिन हवे तेवढे तापतच नाही, पेट्रोल अधिक जळते आणि झीज वाढते.

हे सारे ज्यांना स्वतः करून पाहावयाचे आहे त्यांनी तीन पथ्ये पाळावीत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांवरही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडाहाताला भाजते. दुसरे असे की, काही मोटारींत चावी बंद असतानाही पंखा एकाएकी सुरू होतो. म्हणून बॅटरीची ऋण तार सोडवल्याखेरीज पात्यांत बोटे घालू नयेत आणि पदर, ओढणी, सैल बाह्या दूर ठेवाव्यात. तिसरे, फ्यूज वारंवार जात असेल तर मोटर जाम झाली आहे किंवा तार पत्र्याला घासते आहे, असे समजावे. त्याजागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे पंख्याच्या बिघाडावर आगीचा उपाय करणे होय.

वाटेतच मोटार तापली तर ती कडेला घेऊन एंजिन बंद करावे आणि अर्धा तास तरी धीर धरावा. आजच्या एंजिनांचे हेड बहुधा अॅल्युमिनियमचे असते. अति तापल्यास ते वाकडे होते आणि मग गॅस्केटचा खर्च खरोखरच माथी येतो. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतणेही तितकेच घातक.

जुन्या वस्तूवर 'आता हिचे आयुष्य संपले' असा शिक्का मारणे सोपे असते. पहिल्या गॅरेजांतील कारागीर अप्रामाणिक होते असे नाही. त्यांनी सुटे भाग बदलले, वृद्ध वायरमनने प्रश्न विचारले, इतकाच फरक. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराने संशयाचे वर्तुळ अर्ध्याने लहान झाले आणि शेवटी ते एका गंजलेल्या बोल्टएवढे उरले.

पुढच्या आठवड्यात ती मोटार इस्पितळाच्या फाटकाशी, रणरणत्या दुपारी, आपल्या पाळीची वाट पाहत उभी होती. काटा मध्याच्या किंचित वर चढला. बॉनेटखालून पंख्याचा आवाज सुरू झाला आणि काटा हळूहळू खाली आला. मास्तरांच्या पत्नीने विचारले, "हा कसला आवाज हो?" मास्तर म्हणाले, "आपला पंखा."