स्कॉटलंडच्या विस्मृत राण्या: स्वागताध्यक्षीय भाषण

स्कॉटलंडची राणी म्हटले की मेरी स्टुअर्टच आठवते. तिची कैद आणि १५८७ मधला शिरच्छेद यांपुढे तिच्या आधीच्या राजपत्नी झाकोळून गेल्या. हा त्यांच्यावरचा अन्यायच आहे. या परिषदेस आलेल्या अभ्यासकांचे स्वागत या राण्यांच्या ओळखीनेच व्हावे, हे उचित.

अकराव्या शतकातली मार्गारेट ही तिसऱ्या माल्कमची राणी. डनफर्मलिन आणि सेंट अँड्र्यूजच्या यात्रेकरूंसाठी तिने फोर्थच्या खाडीवर नावांची सोय केली. काठावरच्या क्वीन्सफेरी गावांनी तिची आठवण नावातच जपली आहे. १२५० मध्ये तिला संतपद मिळाले. त्यामुळे ती पूजली गेली, पण राज्यकर्ती म्हणून अभ्यासली गेली नाही.

गेल्डर्सच्या मेरीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ३ ऑगस्ट १४६० रोजी इंग्रजांच्या ताब्यातील रॉक्सबर्ग किल्ल्याला वेढा पडलेला असताना तोफ फुटून तिचा पती, राजा दुसरा जेम्स, जागीच ठार झाला. वारस जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. तरी वेढा उठला नाही. काही दिवसांतच किल्ला पडला. पुढची तीन वर्षे कारभाराची मुख्य सूत्रे मेरीकडे होती. इंग्लंडमधल्या यादवीत पराभूत सहाव्या हेन्रीला तिने आश्रय दिला आणि त्याच्या मोबदल्यात १४६१ मध्ये सीमेवरचे बेरिक परत मिळाले. पुढे वारे फिरल्यावर तिने हेन्रीच्या विरोधातल्या यॉर्क पक्षाशीही बोलणी केली. हे धोरणीपण एखाद्या राजाने दाखवले असते तर त्याची वाहवा झाली असती. तिच्या मात्र चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले. किर्कॉल्डीजवळ तिने बांधायला घेतलेला रेव्हन्सक्रेग किल्ला तोफांचा मारा डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे: जाडजूड भिंती, तोफांसाठी ठेवलेल्या जंग्या. १४६३ मध्ये ती वारली, तेव्हा काम अपुरेच होते. एडिंबरातले तिने स्थापन केलेले ट्रिनिटी चर्च १८४८ मध्ये रेल्वे स्थानकासाठी पाडले गेले.

त्या चर्चसाठी रंगवलेली चित्रफलके मात्र वाचली. त्यांत तिची सून, डेन्मार्कची मार्गारेट, गुडघे टेकून बसलेली दिसते. तिच्या हुंड्याची रक्कम ठरली ६०,००० फ्लोरिन. तिच्या पित्याजवळ एवढी रोकड नव्हती, म्हणून १४६८ मध्ये ऑर्कनी आणि १४६९ मध्ये शेटलंड गहाण पडले. गहाण सुटले नाही. १४७२ मध्ये ही बेटे स्कॉटिश राजसत्तेत विलीन झाली आणि आजही स्कॉटलंडचाच भाग आहेत.