देश सोडावासा का वाटतो?



देशभक्ती आणि परदेशगमन हे दोन शब्द एकत्र उच्चारले की आपल्या समाजात चर्चेचा सूर लगेच चढतो. कुणी म्हणतो, इथल्या करदात्यांच्या पैशावर शिकून परदेशी स्थायिक होणारे कृतघ्न आहेत. कुणी म्हणतो, कर्तृत्वाला इथे वावच नसेल तर तरुणांनी थांबावे तरी कशासाठी? गंमत अशी की या दोन्ही मतांचे लोक बहुधा एकाच पंगतीला बसलेले असतात आणि त्या घरातला धाकटा मुलगा न्यू जर्सीत असतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसरात असे घर शोधावे लागत नाही. म्हणूनच हा विषय आवेशाने नव्हे, माहितीने हाताळायला हवा. माणसे देश का सोडतात याचे उत्तर त्यांच्या देशप्रेमाच्या मापात शोधू गेले तर हाती काही लागत नाही. ते खोलीच्या लांबी-रुंदीत आणि नोकरीच्या संधीत अधिक सापडते.

याच विषयावर एका मराठी स्त्रीने १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे वय तेव्हा अठरा वर्षेही पूर्ण नव्हते. आपण अमेरिकेला का जात आहोत, हा त्या भाषणाचा विषय. हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, ते शिक्षण घेण्याची पुरेशी सोय या देशात नाही, म्हणून जावे लागत आहे, अशी त्यांची मांडणी होती. परतल्यावर समाज वाळीत टाकील, या आक्षेपालाही त्यांनी तिथेच उत्तर दिले. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्यांचा निर्धार होता. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. परंतु क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आनंदीबाईंच्या देशभक्तीबद्दल आज कुणी शंका घेत नाही. मात्र आपल्या समाजात कशाची उणीव आहे, हे त्यांनी किती स्पष्टपणे सांगितले होते, त्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही.

ती उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न परळला झाला. १९२६ साली सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडून के.ई.एम. रुग्णालय उभे राहिले. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या जागा प्रायः इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखीव असत. कितीही विद्वान असला तरी हिंदी डॉक्टर दुय्यम जागेवरच राहायचा. म्हणून देणगीदारांच्या विश्वस्तांनी देणगीला अट घातली, की या महाविद्यालयात शिकवणारे सारे हिंदीच असले पाहिजेत. लंडनला उच्च शिक्षण घेऊन मायदेशी परतलेल्या डॉ. जीवराज मेहतांकडे संस्थेची धुरा आली. राष्ट्रभक्तीचा हा प्रकार फार विचार करण्याजोगा आहे. त्या विश्वस्तांनी तरुण डॉक्टरांना त्यागाचा उपदेश केला नाही. त्यांना सन्मानाची जागा निर्माण करून दिली. याच रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. जगातील पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

आणि नेमक्या त्याच दशकात या महाविद्यालयाचे पदवीधर मोठ्या संख्येने अमेरिकेची वाट धरू लागले. १९४६ च्या अमेरिकन कायद्याने वर्षाकाठी जेमतेम शंभर भारतीयांना तिथे स्थायिक होता येत असे. १९६५ साली तो कायदा बदलला आणि डॉक्टर, अभियंता, शास्त्रज्ञ यांना दार उघडले. परळहून डॉक्टर निघाले, माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय. आणि यू.डी.सी.टी.मधून अभियंते निघाले. के.ई.एम. महापालिकेचे, म्हणजे मुंबईकरांच्या करावर चालणारे. लालबागच्या गिरणी कामगारानेही त्यासाठी आपला वाटा उचलला होता. त्याच्या पोराला तपासायला डॉक्टर हवा तेव्हा तो ओहायोत होता, हे दुःख खोटे नाही. त्यावर पांघरूण घालून ‘जग आता एक खेडे झाले आहे’ असे म्हणणे हा शहाजोगपणा झाला.

परंतु गेलेल्यांची बाजूही तितकीच खरी आहे. त्या काळचे गिरगाव आठवून पाहावे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे, रात्री गॅलरीत पथाऱ्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, पहाटे नळाला रांग. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालक दुरुस्ती करीना आणि नवी खोली पागडीवाचून मिळेना. अभियांत्रिकीची पदवी हातात आहे, नोकरी आहे, लग्न ठरले आहे, आणि बिऱ्हाड थाटायला जागा नाही. अशा तरुणांपैकी कुणी गोरेगाव, डोंबिवली गाठली, कुणी डेट्रॉइट गाठले. दोघांच्या मनातले कारण बहुतांशी एकच होते. डोंबिवलीला गेलेल्याला कुणी गिरगावद्रोही म्हटले नाही. डेट्रॉइटला गेलेल्यावर मात्र आपण पटकन देशद्रोहाचा शिक्का मारतो. त्यातच परवाना-कोट्याचा तो काळ. परदेशी उपकरणासाठी अर्ज करावा आणि मंजुरी येईपर्यंत संशोधनाचा विषयच शिळा व्हावा. गुणवत्तेपेक्षा ओळख वजनदार ठरते हा अनुभव ज्याने एकदा घेतला, त्याला थांबवायला देशभक्तीपर गीते पुरी पडत नाहीत.

थांबवायला किंवा परत आणायला काय पुरते, याचे उदाहरण गिरगावातच आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे गोव्यातील माशेलचे. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि आईने त्यांना मुंबईला आणून अपार कष्टाने वाढवले. गिरगावच्या युनियन हायस्कुलात शिक्षण, रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, पुढे टाटा न्यासाची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती, मग यू.डी.सी.टी.ची पदवी आणि १९६९ साली डॉक्टरेट. त्यानंतर ते इंग्लंडला सॅलफर्ड येथे गेले आणि तिथे उत्तम बस्तान बसले. १९७६ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. नायुडम्मा यांनी लंडनमध्येच त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला आणि माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दाखल झाले. परिषदेचा सर्वोच्च अधिकारी स्वतः विचारतो आणि पुढ्यात निश्चित काम ठेवतो, याचे मोल देशभक्तीवरच्या शंभर व्याख्यानांहून अधिक आहे. (प्रस्तुत व्याख्यान धरून!)

या कथेचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाचे पेटंट अमेरिकेत मंजूर झाले. आपल्या आजीबाईच्या बटव्यातले औषध अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मालकीचे झाले. तेव्हा परिषदेच्या प्रमुखपदी माशेलकर होते. जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल सादर करून परिषदेने ते पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. पण ते पेटंट ज्या दोन संशोधकांच्या नावे होते, ते दोघेही भारतीय वंशाचेच होते, हे फारसे सांगितले जात नाही. हळद त्यांना ठाऊक होती ती घरातूनच. घरच्या पुंजीचा उपयोग कुणासाठी करायचा, हा प्रश्न परदेशी गेलेल्या प्रत्येकासमोर कधी ना कधी उभा राहतो, आणि इथे राहिलेल्यांचीही त्यातून सुटका नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर लालबाग-परळने फार पूर्वी, अमेरिकेचे नावही न घेता देऊन ठेवले आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून गिरणीत आलेला माणूस त्याच्या दृष्टीने परमुलखातच आला होता. गावोगावच्या मंडळींनी इथे सामाईक खोल्या घेतल्या होत्या. एकेका खोलीत पंचवीस-तीस गडी, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. अशा हालात राहणारी ही माणसे महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर तर करीतच, शिवाय गावच्या मंडळाची वर्गणी भरीत. त्या वर्गणीतून गावचे देऊळ दुरुस्त होई, शाळेला खोली मिळे, विहीर बांधली जाई. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी पोहोचला नाही असे क्वचितच घडे. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो चिघळत गेला, तेव्हा हजारो कुटुंबांना आधार दिला तो त्याच गावाने. दूर राहून गावाला धरून ठेवणे म्हणजे काय, हे त्या ट्रंकेवाल्यांना कुणी शिकवले नव्हते.

परदेशस्थांतही ही वृत्ती दिसते, पण एकसारखी नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाने गणेशोत्सव, नाटक आणि मराठी शाळा यांच्याद्वारे भाषा तिकडे जिवंत ठेवली. १९९८ साली पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेसह अनेक देशांनी निर्बंध लादले, तेव्हा स्टेट बँकेने काढलेल्या ‘रिसर्जंट इंडिया’ रोख्यांत अनिवासी भारतीयांनी ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गुंतवली. व्याजही बरे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सारे जग हात आखडता घेत असताना पैसा आला, हेही खरे. दुसरीकडे, वर्षाआड येऊन इथल्या धुळीला आणि रांगांना नाके मुरडणारे, नातवंडांना आजीशी दोन वाक्ये बोलता येऊ नयेत याची खंतही न बाळगणारे महाभागही आहेत. मात्र दादरला राहून मुलांना मराठीचा गंध लागू न देणारी घरे त्यांच्यापेक्षा फार वेगळी आहेत असे नाही. ती देश न सोडताच निघून गेलेली आहेत.

परदेशगमन आणि देशप्रेम एकत्र नांदू शकतात का, याचा दाखला पाहायचा तर वेस्ट इंडीजकडे दृष्टी टाकावी. जमैका म्हटले की मराठी क्रिकेटरसिकांना १९७१ साली किंग्स्टनला दिलीप सरदेसाईंनी काढलेल्या २१२ धावा आठवतात. त्याच किंग्स्टनहून १९४८ मध्ये ‘विंडरश’ बोट शेकडो माणसे घेऊन इंग्लंडला गेली आणि तो ओघ पुढे थांबलाच नाही. छोटे बेट, पुरेसा रोजगार नाही, आणि शिकवून तयार केलेल्या परिचारिकांना व शिक्षकांना श्रीमंत देश उचलून नेतात. उच्चशिक्षितांतले बहुसंख्य बाहेर. परंतु ५ ऑगस्ट २०१२ रोजी, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या आदल्या रात्री, उसेन बोल्टने लंडन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत जिंकली तेव्हा लंडनच्याच जमैकन वस्त्या काळ्या-हिरव्या-सोनेरी झेंड्यांनी फुलल्या. त्या लोकांना देश नकोसा झाला होता असे कोण म्हणेल? आणि तरीही किंग्स्टनच्या रुग्णालयाला त्या झेंड्यातून परिचारिका मिळत नाही. भावना आणि कमतरता दोन्ही आपापल्या जागी शिल्लक राहतात.

भारत हे छोटे बेट नाही, म्हणून आपल्याला हे परवडते असा समज आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८. एकशे चाळीस कोटींच्या देशात हा आकडा लहान दिसतो. पण यांतले अनेकजण शाळेच्या पहिल्या बाकावरचे असतात. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे पारपत्र परत करणे हा अनेकांसाठी जड क्षण असतो. २००५ पासून मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड मनाला थोडा दिलासा देते, मतदानाचा हक्क देत नाही. आता वारेही फिरत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. जाणाऱ्यांपुढे अडसर आला आणि तिथे असलेल्यांच्या मनात परतीचा विचार डोकावू लागला. त्या परतणाऱ्याचे प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी जाणाऱ्याचे होते तेच आहेत: परवडणारे घर, योग्यतेचे काम, मुलांना शाळा. त्या वेळची गिरगावातली चाळ आता टॉवर झाली आहे, आणि त्यातले घर डॉलरमध्ये कमावणाऱ्यालाही विचारात पाडते.

एक गोष्ट मात्र कुणाच्या परतण्याची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत, शिवाजी पार्कच्या आसपास, गिरगावच्या जुन्या इमारतींत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी वृद्ध दांपत्ये आहेत. पैशाची ददात नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर जिना उतरवून के.ई.एम.ला नेणारे हात नाहीत. मुलगा देशभक्त होता की नव्हता, याचा निवाडा त्या वेळी उपयोगाचा नसतो. प्रत्येक वस्तीत चार तरुण, एक दूरध्वनी क्रमांक आणि एक वही एवढ्यावर हे काम सुरू होते. वहीत नाव, मजला, नेहमीचा डॉक्टर, चालू औषधे, शेजाऱ्याकडे किल्ली असते की नाही, परदेशातल्या मुलाचा क्रमांक आणि तिथे त्या वेळी किती वाजलेले असतात, इतके लिहिले तरी पुरे. गणेशोत्सव मंडळांकडे माणसे आहेत, वर्गणीसाठी घर न् घर हिंडण्याचा सराव आहे. लालबागच्या खोल्यांतून अशी वही ठेवली जात असे; तिच्यात वर्गणीचा हिशेब असे.