धुऱ्यावर पेटणारी पन्नी



खताच्या रिकाम्या पोत्याचं काय करायचं, हे रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. कुटार भरायला ते कामी येतंच. वांधा होतो तो पोत्याच्या आतल्या पातळ पन्नीचा, दुधाच्या पाकिटांचा आणि टरबूज-मिरचीखालच्या मल्चिंग पेपरचा. भंगारवाला फुटका पाइप घेतो, बादली घेतो, पन्नी मात्र नको म्हणतो. त्याचंही खरं आहे. गाडी भरली तरी वजन भरत नाही, आणि भरलंच तर त्यात माती किती, पन्नी किती? मल्चिंग असतं 25-30 मायक्रॉनचं. उपटताना त्याच्यासोबत ढेकळंच जास्त येतात.

मग धुऱ्यावर काडी लागते. एक किलो पॉलिथिन पुरतं जळालं, तर तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जळताना हवेतला ऑक्सिजन पन्नीतल्या कार्बनला जोडला जातो, म्हणून वजन वाढतं. आणि उघड्यावर ते पुरतं जळतही नाही. काजळी आणि घातक धूर आपल्याच घरादाराकडे येतो.

हीच पन्नी कारखान्यात गेली, तर निवडून, धुऊन, वितळवून तिचा दाणा होतो आणि दाण्यापासून काळे पाइप किंवा कचऱ्याच्या पिशव्या. तेवढा नवा दाणा खनिज तेल-वायूपासून काढावा लागत नाही, ऊर्जाही बरीच वाचते. पण रिसायकलिंग म्हणजे काही गंगास्नान नव्हे. धुण्याचं पाणी नीट गाळलं नाही, तर प्लास्टिकचे बारीक कण नाल्यात उतरतात. पन्नी जितकी मळकी, तितकं पाणी जास्त. चिप्सच्या पाकिटाचं तर विचारूच नका. प्लास्टिकच्या थरांवर ॲल्युमिनिअमचा लेप. ते थर सुटे करणं परवडत नाही. अशी पाकिटं फार तर सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जळतात. त्याला रिसायकलिंग म्हणणं मला पटत नाही.

2018 साली राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, ती पिशवी परत घेऊन 50 पैसे देण्याच्या अटीवर. तुमच्यापैकी कितींना ते मिळाले? वेष्टनाचं प्लास्टिक गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी तर केंद्राच्या नियमांनी उत्पादक कंपन्यांवरच टाकली आहे. पण कंपनीचा माणूस गावात येईल, तेव्हा द्यायला एका जागी साठलेला माल तर हवा.

म्हणून एवढं करा. दुधाची पिशवी विसळून वाळवा. मल्चिंग उन्हानं चुरा होण्याआधी, जमीन कोरडी असताना काढा आणि झटकून गुंडाळा. पोतं वेगळं, पन्नी वेगळी ठेवा. दोन्हींचं प्लास्टिक निराळं, एकत्र वितळलं की दाणा बिघडतो. आणि येत्या ग्रामसभेत, पन्नी साठवायला गावात एक कोरडी खोली मागा.