पिल्लाचा खोकला : घशात हाडूकच असेल असे नाही



मी पिकांचा अभ्यासक, पशुवैद्यक नव्हे. तरी आज कुत्र्याच्या पिल्लाच्या खोकल्याविषयी बोलतो, कारण यात माझी स्वतःचीच चूक झाली आहे. घरचे पॉमेरेनियन पिल्लू एकदम ठसकू लागले. हाडूक अडकले असे समजून मी त्याच्या तोंडात बोटे घातली. दात लागले. तपासणीत हाडूक नव्हतेच; श्वासनलिका चपटी होत होती.

विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाइप आठवा. पाइप मऊ पडला की पंप ओढू लागताच तो आत दबतो आणि पाणी कमी येते. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. त्या कमकुवत झाल्या की श्वास घेताना मानेतील नळी अशीच दबते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा लहान जातींत हा विकार अधिक आढळतो. तो बहुधा मध्यम वयात दिसतो, पण काही पिल्लांतही असतो. बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला ही त्याची खूण. धावल्यावर, उकाड्यात किंवा गळ्यातला पट्टा ओढल्यावर तो वाढतो.

अशा पिल्लासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बसणारा पट्टा वापरावा.
२. वजन वाढू देऊ नये.
३. चूल, बिडी व धुरळणीपासून दूर, सावलीत ठेवावे.
४. खोकला व सूज कमी करणारी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. माणसाची आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला घातक ठरते.

बहुतेक कुत्री एवढ्यावर सांभाळता येतात. फारच त्रास असल्यास शस्त्रक्रिया करतात. ताप, नाकातून घट्ट स्राव किंवा खाणे बंद असेल, तर संसर्गाचा संशय घ्यावा. जीभ-हिरड्या निळसर दिसल्या तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

आता माझ्या चुकीकडे येतो. पशुवैद्यकांनी पहिलाच प्रश्न केला, "रेबीजची लस दिली आहे का?" दिली नव्हती. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात काही अडकल्यासारखेच दिसते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुतली, त्याच दिवशी लस सुरू केली. सुदैवाने पिल्लू निरोगी राहिले.

तेव्हा ठसकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका आणि पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस टोचून घ्या.